चाळिसावी संमती

आमच्या संग्रहालयातल्या खुर्चीवर बसायचं झालं की ढालेकाका आधी रस्त्यावर जातात. फाटकाबाहेर घटकाभर उभे राहतात, आत येतात, टेबलावरच्या भेटीच्या रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि आल्याची वेळ लिहितात आणि मग खुर्चीत टेकतात. दहा मिनिटांनी उठतात, गेल्याची वेळ लिहितात, बाहेर जातात आणि लगेच परत आत येतात. आता मात्र रजिस्टरकडे बघतसुद्धा नाहीत, कारण आता ते प्रेक्षक नसतात, संग्रहालयाचे मानद सचिव असतात.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, वयामुळं विसरायला होत असेल. मी विचारलं, "काका, बाहेर काही राहिलं का?"

"काही न्हाई राहिलं. पाय दुखायलेत, जरा बसावं म्हणलं."

"मग बसा की."

"तसं कसं बसता येईल, मॅडम? ह्या खुर्च्या 'प्रेक्षक सुविधा' अनुदानातल्या हायेत. मी प्रेक्षक हाय का?"

रजिस्टरमध्ये शेवटी अभिप्रायाचा रकाना आहे. तोही ते रिकामा सोडत नाहीत. 'बैठक व्यवस्था उत्तम' असं त्यांनी वीस-पंचवीस वेळा लिहिलं असेल. एकदा प्रेक्षक म्हणून त्यांनी तक्रार केली: 'पंख्याचा आवाज येतो. लक्ष द्यावे.' दुसऱ्या दिवशी खाली लाल शाईत: 'दखल घेतली. मानद सचिव.' आठवड्यानं प्रेक्षक ढाले पुन्हा आले आणि लिहून गेले: 'आवाज थांबला. आभारी आहे.' तिन्ही नोंदी एकाच वळणदार अक्षरात. माझ्या बहिणीला मी हे रजिस्टर दाखवलं तर ती हसून हसून मटकन खाली बसली. खाली म्हणजे फरशीवर. खुर्चीवर बसायची तिची छाती झाली नाही, कारण तिनं अजून सही केली नव्हती.

पूर्णा हे जंक्शन. इथं येणारा बहुतेक माणूस दुसरीकडे जायला आलेला असतो. स्टेशनच्या मागच्या अंगाला कापसाचं एक जुनं गोदाम आहे, त्यात आमचं कलासंग्रहालय. इथल्या शाळेत माणिक गुरुजी म्हणून चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनी जन्मभर सायकलवर जिल्हा पालथा घातला आणि माणसं रंगवली. हमाल, दुकानदार, बांगड्या भरणारी कासारीण, ऊसतोडीला निघालेल्या घरातली पोर. गुरुजी गेल्यावर त्यांच्या घरात अशी चाळीस मोठी चित्रं निघाली. विद्यार्थ्यांनी एक न्यास काढला, ओळखीच्या मालकाकडून गोदाम मागून घेतलं आणि चित्रं टांगली. मी इथली एकमेव पगारी माणूस. पदाचं नाव 'प्रकल्प समन्वयक', पण समन्वय साधायला दुसरं कुणीच नाही. मी आणि काका.

काका म्हणजे गंगाधर ढाले. सत्तरी ओलांडलेली, पांढरा शर्ट, वरचं बटण कायम लावलेलं, खिशात दोन पेनं आणि एक लाल पेन्सिल. उभी नोकरी स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथून त्यांनी एकच तत्त्वज्ञान बरोबर आणलंय आणि ते दिवसातून चारदा तरी मला ऐकवतात: "ज्या नावानं बुक झालं, त्याच नावानं उतरलं पाहिजे."

अनुदान सांभाळायला असा माणूस मिळणं हे भाग्य की भोग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचं संग्रहालय चालतं ते मुंबई-पुण्याच्या तीन-चार संस्थांच्या मदतीवर. या देणाऱ्या संस्थांची एक खोड असते. त्यांना नव्या गोष्टीला मदत करायला आवडतं, चालू असलेल्या गोष्टीला नाही. कार्यशाळेला मिळतं, झाडूला मिळत नाही. दिवे बसवायला मिळतं, विजेच्या बिलाला मिळत नाही. सगळीकडचे लोक मग थोडं इकडचं तिकडे करून दिवस काढतात. आमच्याकडे ते होत नाही. आमच्याकडे प्रत्येक वस्तूच्या पाठीवर काकांनी चिठ्ठी चिकटवलीय आणि ती वस्तू कुणाच्या नावानं आलीय ते तिच्यावर लिहिलंय. पंखा चित्रांचा. त्याचं वारं मला लागू नये म्हणून माझं टेबल दोन हात सरकवलंय. मोठा झाडू 'दालन स्वच्छता' मधला, त्यानं ऑफिस झाडायचं नाही. ऑफिससाठी मी घरून केरसुणी आणली. काकांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली आणि तिलाही चिठ्ठी लावली: 'देणगी. मॅडम यांजकडून.'

मी तशी कामचुकार नाही, पण मला आडवाट आवडते. चार पानांचा नियम असेल तर मी पहिलं पान वाचते आणि बाकीचं फोन करून विचारते. काका चाळीस पानांची इंग्रजी नियमावली शब्दकोश घेऊन वाचतात. लाल पेन्सिलीनं रेघा मारतात, समासात मराठी अर्थ लिहितात. आमचं जमतं ते यामुळंच. ते वाचतात, मी टाइप करते, आणि मधल्या वेळात भांडतो.

दिव्यांसाठी अर्ज करायचा होता तेव्हाची गोष्ट. अर्जात प्रश्न होता, तुमच्या संग्रहालयाचा लाभार्थी कोण? मी झकास वाक्य बनवलं: 'मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील सर्व वयोगटांचे कलारसिक.' काका मागं उभे राहून वाचत होते.

"हे कोण?"

"असं लिहावं लागतं, काका."

"पण ह्यातला एक तरी आलाय का कधी?"

मग त्यांनी सांगितलं आणि मी दात-ओठ खात लिहिलं: 'गाडी चुकलेले, गाडी उशिरा असलेले, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उन्हापासून आसरा शोधणारे प्रवासी.'

"अहो, पण ते चित्रं बघतात का?" मी चिडून विचारलं.

"पहिल्यांदा पंखा बघतेत. मग चित्रं बघतेत. बघतेत पण."

पुढचा प्रश्न त्याहून अवघड. अनुदान संपल्यावर हे काम कसं चालू राहील? काका म्हणाले, "लिहा, चालू राहणार न्हाई, म्हणून तर अर्ज केलाय." हे वाक्य मी त्यांच्या नकळत बदललं. पाठवायच्या आधी त्यांनी माझ्या नकळत ते पुन्हा होतं तसं केलं. आठ दिवसांनी तिकडच्या अधिकारी बाईंचा फोन आला. त्या इतक्या हसत होत्या की मला आधी कळेचना काय झालंय. दिवे मंजूर झाले होते. तेव्हापासून काकांनी माझ्या झकास वाक्यांवर लाल पेन्सिल चालवायचा हक्कच मिळवला.

स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर त्यांची एक गोष्ट अजून रंगवून सांगतात. काकांच्या मुलाचं, प्रवीणचं, नुकतंच लग्न झालेलं. तो, नवी सून आणि व्याही-विहीण असे सगळे देवदर्शन करून पूर्णेला उतरले. काका हार घेऊन फलाटावर उभे. गाडी थांबली आणि सगळी मंडळी आरक्षित डब्यातून खाली आली. काकांना माहीत होतं की तिकिटं साधी काढलेली आहेत, कारण ती त्यांनीच आदल्या दिवशी सांगून काढायला लावली होती. त्यांनी हार डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं तिकीट तपासनिसाला बोलावलं आणि म्हणाले, "हे आमचे व्याही हायेत. यांची तिकिटं बघा." दंड काकांनीच भरला. पावती मागून घेतली आणि मग हार घातला.

टपरीवर गोष्ट इथं संपते आणि सगळे हसतात. मीही हसायचे. पुढचं कुणी सांगत नाही ते असं, की व्याही त्याच दुपारच्या गाडीनं परत गेले आणि प्रवीणनं महिन्याभरात हैदराबादला नोकरी धरली. याला सात वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हा तो आला, तेरा दिवस राहिला आणि बापाशी जे काही बोलला ते भटजींच्या मार्फत. काका हे मला कधी बोलले नाहीत. मी शेजारणीकडून ऐकलं.

असो. मुख्य गोष्ट छताची आहे.

गोदामाला पत्रे आहेत आणि पत्र्यांना भोकं आहेत. गेल्या पावसाळ्यात पाणी भिंतीवरून उतरलं आणि नऊ चित्रांना बुरशी धरली. आम्ही बादल्या लावल्या, प्लास्टिक टांगलं, चित्रं इकडची तिकडे केली. दिवाळीनंतर विश्वस्तांची बैठक झाली आणि त्यांनी सरळ सांगितलं: आता छताचं अनुदान मिळालं तर ठीक, नाही तर आणखी एक पावसाळा चित्रं इथं ठेवायची नाहीत. ज्याच्या घरातल्या माणसाचं चित्र, त्याला देऊन टाकायचं आणि गोदाम मालकाला परत करायचं. त्या दिवशी काकांनी खुर्चीसाठी रजिस्टरमध्ये सही केली आणि अभिप्रायाचा रकाना पहिल्यांदाच कोरा ठेवला.

मुंबईच्या एका संस्थेची 'छत आणि जतन' अशी योजना निघाली होती. काकांनी नियमावली छापून घेतली, आठ दिवस वाचली आणि मला येऊन सांगितलं, "मॅडम, चाळीस चित्रं, चाळीस संमत्या."

"म्हणजे?"

"चित्रात जो माणूस हाय, त्याची सही घ्यायची. तो नसल तर त्याच्या घरच्यांची. की बाबा, तुमचं चित्र आमी ठेवलंय, दुरुस्त करणार हाव, लोकांना दाखवणार हाव, तुमची हरकत न्हाई."

मी नेहमीप्रमाणे पहिलं पान वाचलं होतं. काकांनी सांगितलं म्हणजे असेलच, म्हणून मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून काका रेक्झिनच्या पिशवीत चित्रांचे छापील फोटो घालून एसटीनं हिंडायला लागले. ज्येष्ठांचं अर्धं तिकीट, तेही स्वतःच्या खिशातलं, कारण अनुदानात प्रवास हे शीर्षक नव्हतं. आठवड्यातून चार दिवस बाहेर आणि पाचव्या दिवशी मला अहवाल.

वालूरला एका किराणा दुकानदाराचं चित्र होतं. दुकानदार कधीच वारले, दोन मुलं वेगळी झालेली, दोघांची दुकानं समोरासमोर आणि बोलणं बंद. त्यात चित्रात हे आबा गादीवर पेंगलेले. मोठा म्हणाला, "आबा झोपलेले दिसायलेत, ही आमच्या घराण्याची बदनामी हाय. जागे असलेलं काढा." काकांनी समजावलं, "झोपलेलेच हायेत. झोपलेल्या आबाचीच संमती पाहिजे. जाग्या आबाचं चित्र आमच्याकडं न्हाई." मग प्रश्न आला की पहिली सही कुणाची. थोरला म्हणे धाकट्याच्या खाली मी करणार नाही, धाकटा म्हणे वर तो असेल तर मी करणारच नाही. काकांनी कागद आडवा धरला आणि रस्त्याच्या मधोमध दोघांना समोरासमोर उभं करून एकाच ओळीत शेजारी शेजारी सह्या घेतल्या. "दोघं बोलले का मग?" मी विचारलं. "पेन एकच होतं," काका म्हणाले. "एकानं दुसऱ्याला दिलं."

सोनपेठच्या आठवडी बाजारात कासारीण भेटली. चित्रातली तिशीची, आता ऐंशीची. तिनं दुकानातला आरसा घेतला, चित्राशेजारी धरला आणि बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली. "ही मी न्हाई," ती म्हणाली. "ही माझी लेक वाटायली." मग अंगठा उठवायच्या आधी तिनं विचारलं, "भिंतीवर माझ्या शेजारी कोण हाय?"

"एक हमाल हाय. पूर्णा स्टेशनचा."

"माणूस बरा हाय का?"

काकांनी विचार केला. "मी वळखत होतो त्याला. माणूस बरा होता. बिड्या लय प्यायचा."

"चालंल," म्हातारी म्हणाली आणि अंगठा उठवला.

ऊसतोडीला गेलेल्या शांताबाईसाठी मात्र काका दोन दिवस गायब होते. चित्रात ती दहा-अकरा वर्षांची, डोक्यावर बोचकं घेऊन ट्रकच्या फाळक्याला धरून उभी. तिच्या गावात गेले तर घराला कुलूप, सगळं कुटुंब कोल्हापूरकडं तोडीला. मी म्हणाले, "काका, एक चित्र यादीतून काढू. एकोणचाळीस पाठवू."

"का म्हणून? तिचा काय गुन्हा?"

मुकादमाचा नंबर काढून, दोन एसट्या बदलून, पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ते तिच्या कोपीपर्यंत, पाचटाच्या झोपडीपर्यंत पोचले. ती फडात होती. कोयता बगलेत धरून तिनं चित्र पाहिलं आणि हसायला लागली. "मी इथं उसात आन् भिंतीवर बी मीच!" मग एकदम थांबून म्हणाली, "चित्राला पाऊस लागत न्हाई ना तिथं?"

मी विचारलं, "मग काय म्हणालात?"

"खरं सांगितलं. गेल्या साली लागला म्हणलं. म्हणून तर सही पाहिजे." तिनं कागद उसाच्या मोळीवर ठेवून सही केली होती. अक्षर मोठं आणि वाकडं, पण पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

असं करत करत एकोणचाळीस झाल्या. राहिलं क्रमांक चाळीस. यादीत त्याचं नाव 'पार्सल ऑफिसातला मुलगा', एवढंच. आठ-नऊ वर्षांचा पोरगा, लाकडी खोक्यावर बसलेला, पाय अधांतरी, हातात अर्धा पेरू. मागं पोत्यांची थप्पी. मी विचारलं की काका म्हणायचे, "त्याचं मी बघतो." सोमवारी म्हणाले, मंगळवारी म्हणाले. गुरुवार ही अर्जाची शेवटची तारीख. बुधवारी सकाळी पुन्हा "बघतो" म्हणाले तेव्हा माझं डोकं फिरलं. एवढी गावं पालथी घालणारा माणूस स्वतःच्या ऑफिसातल्या एका पोराचा पत्ता काढू शकत नाही? आणि एका सहीपायी अर्ज बाद झाला तर? काका फाटकाशी कुणाशी तरी बोलत होते तेवढ्यात मी मागच्या खोलीत जाऊन मुंबईला फोन लावला.

"एक संमती कमी असेल तर चालेल का हो?" मी विचारलं.

"कसल्या संमत्या?" पलीकडची बाई म्हणाली. "संस्थेचं एक हमीपत्र पुरतं. नियमावलीत लिहिलंय की, शेवटून तिसऱ्या पानावर. तुम्ही काय घरोघर हिंडलात की काय?" आणि ती हसली.

मी फोन ठेवला आणि काकांची नियमावलीची प्रत उघडली. शेवटून तिसरं पान. ते वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं होतं, दोनदा. समासात काकांच्या अक्षरात अर्थ लिहिला होता: 'एक पुरेसे.'

खरं सांगते, मला राग आला. दोन महिने मी या माणसाच्या याद्या टाइप केल्या, एसटीची वेळापत्रकं काढून दिली, त्याच्या गुडघ्यांची काळजी केली, आणि यातलं काहीच करायची गरज नव्हती! मी ते पान हातात घेऊन दालनात गेले. काका क्रमांक चाळीससमोर उभे होते. फ्रेमच्या खालच्या कडेला बुरशीचा पांढरा पट्टा चढत पोराच्या चपलेपर्यंत आला होता.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पानाकडं बघितलं. "व्हय."

"मग मला सक्तीचं आहे म्हणून का सांगितलं?"

"सक्तीचं हाय असं मी कुठं म्हणलो? चाळीस चित्रं, चाळीस संमत्या, एवढंच म्हणलो." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुमचा खोळंबा झाला, मॅडम. चूक झाली माझी."

काकांच्या तोंडून 'चूक झाली' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. मी चित्राकडं पाहिलं. रुंद कपाळ, एक भुवई दुसरीपेक्षा वर. मग काकांकडं पाहिलं. इतके दिवस मी हे चित्र रोज पुसत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"हा प्रवीण आहे," मी म्हणाले.

"शाळा सुटली की ऑफिसात यायचा. खोक्यावर बसून अभ्यास करायचा. गुरुजींनी तिथंच काढलाय."

"अहो, मग तुम्ही बाप आहात. तुम्हीच सही करायची! बाकीच्यांच्या घरच्यांनी केल्याच की."

"ज्यांच्या घरच्यांनी केल्या, ती माणसं वारलीत. हा सज्ञान हाय, जिता हाय. त्याच्या वतीनं सही करायला मी कोण?" त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "सात वर्षांत फोन करायला कारण सापडलं न्हाई. नुस्ता कसा करावा? आन् ह्या एका चित्रासाठी त्याला फोन केला असता तर तो म्हणला असता, बापानं बहाणा काढला. एकालाच मागितली की बहाणा होतो, मॅडम. चाळिसांना मागितली की नियम होतो."

या माणसानं मुलाला एक फोन करता यावा म्हणून जिल्ह्यातल्या एकोणचाळीस घरांची दारं वाजवली होती. दोन भांडलेल्या भावांना एका पेनावर आणलं होतं. उसाच्या फडात जाऊन आला होता. आणि आता सगळे कागद जुळवून झाल्यावर, शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी, भिंतीसमोर नुसता उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी एकदम खेकसले, "नियम झालाय ना? मग लावा की फोन! उद्या शेवटची तारीख आहे."

"तुमच्या फोनवरून लावा," ते म्हणाले. "माझा नंबर बघून उचलायचा न्हाई. आन् तुमी थांबा. साक्षीदार पाहिजे."

नंबर त्यांना पाठ होता. मी लावून दिला. घंटा वाजत असताना त्यांनी शर्ट खाली ओढून सरळ केला आणि संमतीपत्राचा कागद डोळ्यांसमोर धरला. पलीकडून "हॅलो" आलं. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार. माणिक गुरुजी कलासंग्रहालय, पूर्णा, येथून मानद सचिव गंगाधर ढाले बोलतोय. श्री. प्रवीण गंगाधर ढाले आपणच का?"

"...बोलतोय."

"आपलं एक चित्र आमच्या संग्रहात आहे. क्रमांक चाळीस. पाण्यानं खराब व्हायला लागलंय. ते दुरुस्त करून ठेवायला आणि लोकांना दाखवायला आपली हरकत नसल्याबद्दल संमती पाहिजे." ते कागदावरचं वाचत होते. "चित्राचं वर्णन. वय वर्षं नऊ. खोक्यावर बसलेला. हातात पेरू, अर्धा."

तिकडून आवाज आला, दबका. "अर्धाच असंल. अर्धा तुमी खाल्ला होता."

काका कागदाकडं बघत राहिले. "तशी नोंद न्हाई इथं," ते म्हणाले, आणि मग जरा वेळानं, "पण खाल्ला होता. व्हय."

"ते चित्र... अजून ठेवलंय?"

"पहिल्या दिवसापासून भिंतीवर हाय. फोटो पाठवतो मॅडमच्या फोनवरून. बघून सही करून पाठवा, म्हणजे झालं. घाई न्हाई. म्हणजे उद्या शेवटची तारीख हाय, पण घाई न्हाई."

"फोटो नका पाठवू."

काकांनी कागद खाली केला.

"फोटोवरून काय सही करायची," प्रवीण म्हणाला. "येतो रविवारी. तिला बी आणतो, तिनं न्हाई बघितलं ते चित्र. बघून करतो सही. चालंल का?"

"चालंल," काका म्हणाले. "कार्यालयीन वेळ दहा ते पाच हाय." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी घाईनं पुढं जोडलं, "आधी आला तरी चालंल. कवा बी आला तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अर्ज पाठवायला बसलो. हमीपत्र जोडलं, पत्र्यांचे फोटो जोडले. चाळीस संमत्यांची यादी जोडायची काहीएक गरज नव्हती, पण ती जोडायची यावर आमचं दोघांचं न बोलता एकमत होतं. एकोणचाळीस नावांपुढं 'प्राप्त' असं लिहिलेलं. चाळिसाव्या नावापुढं मी चौकट रिकामी सोडली.

"रिकामं नका सोडू," काका मागून म्हणाले. "लिहा, 'संबंधित व्यक्ती रविवारी समक्ष येणार आहे.'"

"काका, मुंबईच्या लोकांना हे कळवून काय करायचंय?"

"त्यांना गरज न्हाई," काका म्हणाले. "पण लिहा."

मी लिहिलं. अर्ज पाठवायचं बटण दाबणार एवढ्यात त्यांनी मला थांबवलं आणि चाळीस नंबरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. चष्मा काढून हातात धरत ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा."